दारापुढचें गटार

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



आज मीं जो विषय निवडला आहे त्याचें नांव ऐकून आपल्यापैकीं कांहीं जण नाक मुरडतील, ह्याची मला कल्पना आहे. नभोवाणीवरून कोणी संतवाङ्मयाविषयीं बोलतो, कोणी ग्रहताऱ्यांविषयीं, कोणी रागदारीविषयीं. आणि हा एक म्हातारा शिक्षक रस्त्याकडेच्या गटाराविषयीं बोलावयास बसला आहे! परंतु छत्तीस वर्षें वर्गांत उभें राहून मी एक गोष्ट शिकलों. ज्या प्रश्नाला मुलें हंसतात, तोच प्रश्न पुष्कळदां परीक्षेंत येतो. आणि येथें परीक्षा घेणारा आहे पाऊस. तो आगाऊ वेळापत्रक लावीत नाहीं, आणि नापासांना पुन्हां बसण्याची संधि देतोच असेंहि नाहीं.

मी राहणारा नगरचा. २०२४ पासून आमच्या शहरास व जिल्ह्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें आहे. जुन्या संवयीनें तोंडांत नगर येतें, त्याची आपण क्षमा करावी. आमचा जिल्हा अवर्षणाबद्दल प्रसिद्ध. पश्चिमेकडे अकोले तालुक्यांत, सह्याद्रीच्या माथ्यावर, घाटघर-रतनवाडीच्या बाजूस वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो खरा. पण तेथून पूर्वेस येणारे ढग बहुतेक रिकामे होऊनच येतात. नगर शहराच्या वांट्याला वर्षाकांठीं साधारण साडेपांचशें ते सहाशें मिलिमीटर पाऊस येतो. त्यामुळें आमच्याकडे पाण्याची सारी भाषा पाणी आणण्याची, अडविण्याची आणि पुरविण्याची. निजामशाहीच्या काळीं कापूरवाडी, भिंगार, शहापूर अशा भोंवतालच्या गांवांहून जमिनीखालून खापरी नळ घालून ह्या शहरांत पाणी खेळविलें होतें. त्याचा अभिमान आम्ही अद्याप बाळगतों, आणि बाळगावा असेंच तें काम होतें. आमच्याच जिल्ह्यांतल्या राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ह्या गांवांनीं डोंगरउतारावर चर खणून व ओढ्यांवर बांध घालून पाणी मुरविलें, तें पाहावयास देशोदेशींचे लोक येतात.

तात्पर्य, पाणी यावें कसें ह्याचा विचार आम्हीं पांचशें वर्षें केला आहे. आलेलें पाणी जावें कसें, हा प्रश्न मात्र आम्हांला कधीं फारसा पडला नाहीं. 'येथें पाणी असतें कोठें?' हें आमचें ठरलेलें उत्तर. हें वाक्य आपण लक्षांत ठेवावें; तें पुढें पुन्हां येणार आहे, आणि तें माझ्याच तोंडीं येणार आहे.

कमी पाऊस म्हणजे सावकाश पाऊस, अशी आपली समजूत असते. ती खोटी आहे. आमच्याकडे वर्षाचा पाऊस थोडा. पण तो पुष्कळदां चार-सहा मोठ्या सरींत पडून मोकळा होतो, आणि परतीच्या पावसाचा सप्टेंबर महिना सर्वांत जोराचा असतो. आमची सीना नदी नगरच्या आसपासच उगम पावते. तिचा एक उगम जामगांवजवळ, दुसरा जेऊरजवळ. वर्षांतले कित्येक महिने तिच्या पात्रांत पाण्यापेक्षां वेड्या बाभळीच अधिक दिसतात. पण एका रात्रींत ती अशी फुगते कीं, कल्याण रस्त्यावरची वाहतूक थांबवावी लागते. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे रोहिणी नक्षत्र नुकतें लागलें असतां, नगर तालुक्यांतील खडकी-वाळकीच्या बाजूस पाणी गांवांत शिरलें. आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत पाथर्डी, शेवगांव, जामखेड ह्या एरवीं टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यांत शेतेंच्या शेतें खरवडून गेलीं. कोरडा ओढा म्हणजे मेलेला ओढा नव्हे. तो निजलेला असतो, इतकेंच.

पण मोठ्या नद्यांचा पूर हा आजचा माझा विषय नाहीं. आपल्या उंबरठ्याच्या आंत जें पाणी येतें, तें पुष्कळदां नदीचें नसतेंच. तें आपल्याच गल्लींत, आपल्याच छपरावर व आपल्याच अंगणांत पडलेलें असतें, आणि जावयास वाट न मिळाल्यामुळें आपल्याच घरीं परत येतें. ह्याचा एक दाखला मी देणार आहें. तो ऐकीव नाहीं. त्यांतला अपराधी मीच आहें.

निवृत्तीनंतर मीं शहराच्या कडेला, सावेडीच्या बाजूस एक लहानसें घर बांधलें. आमच्या गल्लीचा रस्ता उताराचा आहे. माझें घर उताराच्या मध्यावर. आणि खालीं, जेथें रस्ता वळतो तेथें, एका विधवा भगिनीचें घर. त्या शिवणकाम करून दोन मुलांचें शिक्षण करितात. घर बांधून झाल्यावर मुलाची स्कूटर आंत घेतां यावी म्हणून मीं दारापुढच्या गटारावर सिमेंटचा उतार, ज्याला आपण सर्व जण रॅम्प म्हणतों तो, बांधवून घेतला. गवंड्यानें विचारलें, "गुरुजी, खालून पाईप केवढा टाकूं?" मीं म्हटलें, "टाक सहा इंची. येथें पाणी असतें कोठें?"

दोन पावसाळे कांहींच झालें नाहीं. तिसऱ्या वर्षीं सप्टेंबरांत एके रात्रीं दहाच्या सुमारास पाऊस सुरू झाला. माझ्या घराचें जोतें उंच. मी खिडकीशीं बसून पाऊस पाहत होतों आणि मनाशीं म्हणत होतों कीं, चला, यंदा विहिरींना पाणी येईल. मग मी समाधानानें निजलों.

सकाळीं साडेसहाला त्या बाई दारांत उभ्या. "गुरुजी, आणखी एक बादली असली तर द्याल का? रात्रीं घरांत गुडघाभर पाणी होतें. तुमच्याकडे नाहीं ना शिरलें?"

मी त्यांच्याबरोबर गेलों. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती. शिवणयंत्राची मोटर चिखलांत होती. नवरात्रासाठीं शिवावयास आलेलीं कापडें खाटेखालच्या पेटींत ठेविलेलीं होतीं. त्यांचा रंग एकमेकांत उतरला होता. तीं कापडें त्यांचीं स्वतःचीं असतीं तर गोष्ट निराळी होती. तीं गिऱ्हाइकांचीं होतीं. तीं भरून द्यावयाचीं होतीं.

परत येतांना मीं माझ्या दारापुढें वांकून पाहिलें. रॅम्पच्या वरच्या अंगाला गटार गाळानें भरलें होतें, आणि पाईपच्या तोंडाशीं लिंबाच्या डहाळ्या व दुधाच्या रिकाम्या पिशव्या बूच मारल्यासारख्या बसल्या होत्या. वरून आलेलें पाणी तेथें अडलें, रस्त्यावर चढलें, आणि रस्ता जेथें वळतो तेथें न वळतां सरळ त्या बाईंच्या दारांत गेलें. माझ्या घराला त्याचा ओलावासुद्धां लागला नव्हता.

तीन दिवस हें मीं कोणासहि सांगितलें नाहीं. वर्गांत कांच फुटली म्हणजे मान खालीं घालून बसणारीं मुलें मीं आयुष्यांत पुष्कळ पाहिलीं. आपणहि एक दिवस तसेच बसूं, असें मात्र वाटलें नव्हतें. चौथ्या दिवशीं गेलों आणि सांगितलें. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचा एकट्याचा कोठें आहे गुरुजी? वरपासून मोजून पाहा." मीं मोजलें. आमच्या रांगेंत अकरा रॅम्प होते, आणि त्यांतल्या चारांखालीं पाईपच नव्हता. कापडांच्या भरपाईंत मीं माझा वांटा उचलला. पण त्यांनीं मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं, तें मात्र मला फार दिवस लागून राहिलें.

आतां मी शिक्षक असल्यामुळें ह्या गोष्टीचें गणित मांडल्यावांचून मला चैन पडणें शक्य नव्हतें. जवळ कागद-पेन्सिल असेल तर आपणहि मांडून पाहावें. चौथीच्या मुलाला येईल असें हें गणित आहे.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर १ लिटर पाणी होतें. एवढें सूत्र पुरें. आमची गल्ली २०० मीटर लांब व १० मीटर रुंद धरूं. म्हणजे रस्ताच झाला २,००० चौरस मीटर. तीस घरांचीं छपरें व फरशी घातलेलीं अंगणें, प्रत्येकीं १०० चौरस मीटर धरलीं, तर आणखी ३,००० झाले. एकूण ५,०००. आतां एका तासांत ५० मिलिमीटर पाऊस पडला असें समजा. आमच्या भागांत असा पाऊस रोज पडत नसला, तरी तो अपूर्वहि नव्हे. पाणी झालें २,५०,००० लिटर! उन्हाळ्यांत आम्ही ज्या दहा हजार लिटरच्या टँकरची वाट पाहत उभे राहतों, तसे पंचवीस टँकर एका तासांत एका गल्लींत रिकामे झाले. सेकंदाचा हिशेब केला तर सुमारें ७० लिटर. म्हणजे प्रत्येक सेकंदाला चार-पांच भरल्या घागरी.

हें पाणी वाहून नेण्यास आमच्या गल्लींत एकाच बाजूस गटार आहे. तें ४५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. त्यांतून पाणी सेकंदाला १ मीटर वेगानें वाहिलें, तर १३५ लिटर पाणी निघून जाईल. म्हणजे गटार बांधणाराची चूक नव्हती; जरूर होती त्याच्या जवळजवळ दुप्पट सोय त्यानें करून ठेविली होती. पण तेंच गटार निम्मे गाळानें भरलें तर काय होतें? आपण म्हणाल, निम्मे पाणी जाईल. नाहीं. उथळ झालेल्या गटारांत तळाचें व बाजूंचें घर्षण पाण्याला अधिक जाणवतें आणि वेगहि मंदावतो. त्यामुळें निम्म्यापेक्षांहि कमी, सुमारें पन्नास-पंचावन्न लिटरच पाणी जातें. सत्तर येतें आणि पंचावन्न जातें. उरलेलें कोणाच्या घरीं जाईल, तें उतार ठरवितो.

आणि माझा तो सहा इंची पाईप? त्याचा व्यास १५ सेंटिमीटर. त्याच्या तोंडाचें क्षेत्रफळ गटाराच्या क्षेत्रफळाच्या साडेसातव्या हिश्श्याएवढें. पाणी त्यांतून दुप्पट वेगानें घुसलें असें धरलें, तरी ३५ लिटर; म्हणजे जरूर होती त्याच्या निम्मे, आणि तेंहि त्याच्या तोंडाशीं एकहि पिशवी अडकली नाहीं तर. दोनशें मीटर गटार कितीहि प्रशस्त असो. त्याची खरी शक्ति त्याच्या सर्वांत अरुंद ठिकाणाएवढीच. साखळीचें बळ जसें तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढें, तसेंच हें. आणि ती कच्ची कडी माझ्या दारापुढें होती.

आतां दारापुढचा रॅम्प हें एकच कारण आहे, असें मी म्हणत नाहीं. आपल्या शहरांतून व मोठ्या गांवांतून आणखी तीन कारणें सर्वत्र दिसतात. तीं थोडक्यांत सांगतों.

पहिलें कारण गाळाचें. गटार साफ होतें. पण काढलेला गाळ तेथेंच कांठावर ढीग करून ठेविला जातो. पहिली सर आली कीं तो पुन्हां आंत. हें म्हणजे फळा पुसून खडूची भुकटी पुन्हां फळ्यालाच फासल्यासारखें झालें. गाळ निथळण्यास एक-दोन दिवस कांठावर राहिला तर राहूं द्यावा. पण तो उचलला जाईपर्यंत काम झालें, असें कोणीहि समजूं नये.

दुसरें कारण रस्त्याच्या उंचीचें. रस्ता मध्यें थोडा उंच व कडांना उतरता असावा लागतो, हें आपण जाणतांच. डांबरी रस्त्याला मीटरमागें दोन-अडीच सेंटिमीटर उतार देण्याची रीत आहे. पण जुना थर न खरवडतां वर्षानुवर्षें नवे थर त्यावर चढविले जातात. रस्ता घरांच्या जोत्यांपेक्षां उंच होतो, कडेला फरशीचे ठोकळे बसवितांना गटाराकडे जाणारीं तोंडें बुजतात, आणि मग शेजारीं गटार असूनहि पाण्याला त्यांत उतरतां येत नाहीं. गटार कोरडें आणि रस्ता पाण्याखालीं, असा चमत्कार मीं स्वतः पाहिला आहे.

तिसरें कारण सर्वांत मोठें, तें ओढ्यांचें. प्रत्येक गटार शेवटीं एखाद्या ओढ्याला मिळतें. तो ओढा वर्षांतले दहा महिने कोरडा, म्हणून त्याच्यावर भराव पडतो, भिंत येते, घर येतें. पुण्याच्या आंबील ओढ्यानें २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आपली जुनी वाट मागितली. त्या रात्रीं पुणें व आसपासच्या भागांत वीसहून अधिक माणसें दगावलीं. ओढ्याचें पात्र हें रिकामें मैदान नव्हे, ही गोष्ट त्या शहराला फार मोठी किंमत देऊन शिकावी लागली. आमच्या शहरांतहि अशा बुजलेल्या ओढ्यांचा शोध घ्यावयाचा असेल, तर नकाशा पाहण्यापूर्वीं शेजारच्या वृद्धांना विचारावें. पूर्वीं कोठें बैल धूत असत, तें ते नेमकें सांगतील.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. कितीहि साफ गटार सर्वच पावसाला पुरे पडेल, असें नव्हे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आणि मुंबईची जुनी पर्जन्यजलव्यवस्था तर तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबानें आंखलेली होती. अशा दिवशीं दारापुढच्या गटाराला दोष देणें व्यर्थ आहे. परंतु अशी आपत्ति पिढींतून एकदां येते. दरवर्षीं-दोनवर्षांनीं येणारा जो जोराचा पाऊस, ज्यांत गल्लीच्या खालच्या टोकाचीं दोन-चार घरें भिजतात आणि वर्तमानपत्रांत एक ओळहि येत नाहीं, त्या पावसाला मात्र हें गटार पुरतें. माझें बोलणें त्या दोन-चार घरांपुरतें आहे.

आणखी एक लाभ आहे, तो रस्त्याचा. रस्ते बांधण्याच्या शास्त्रांत मॅकॅडम ह्या स्कॉटिश गृहस्थाचें नांव मोठें आहे. दोनशें वर्षांपूर्वीं त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, वाहनांचा भार अखेर खालची जमीनच पेलते. ती कोरडी ठेविली तर रस्ता टिकतो. आमची जमीन पुष्कळ ठिकाणीं काळी. ती भिजली कीं फुगते, वाळली कीं भेगाळते. कडेला पाणी सांचून राहिलें कीं तें रस्त्याच्या पोटांत शिरतें, आणि दिवाळीच्या आंत खड्डे पडतात. आपण ठेकेदाराला बोल लावतों, आणि कित्येकदां तो बोल योग्यहि असतो. पण आपण बुजविलेल्या गटाराचाहि त्या खड्ड्यांत वांटा असतो, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं.

मग हें काम कोणाचें? हा प्रश्न विचारला कीं सर्व जण परस्परांकडे बोट दाखवितात. कायदा ह्या बाबतींत पुरेसा स्पष्ट आहे. आमची नगरपालिका १८५४ सालची. २००३ सालीं तिची महानगरपालिका झाली. गटारें बांधणें व तीं साफ ठेवणें हें तिचें आद्य कर्तव्यच आहे. खेड्यांत १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानें गटारांचें काम पंचायतीच्या कार्यांत घातलेलें आहे. शिवाय कांहीं रस्ते जिल्हा परिषदेचे, कांहीं सार्वजनिक बांधकाम खात्याचे, कांहीं राष्ट्रीय महामार्गाचे. पण पाण्याला हद्द समजत नाहीं. ते एका खात्याच्या चारींतून निघतें, दुसऱ्या खात्याच्या मोरीखालून जातें आणि तिसऱ्याच्या गटाराला मिळतें. जेथें एकाची हद्द संपते व दुसऱ्याची सुरू होते, नेमकें तेथेंच तें तुंबतें. ह्या सर्व खात्यांना जो एकच मनुष्य एका नजरेंत पाहूं शकतो, तो त्या रस्त्यावर राहणारा नागरिक.

हॉलंड देशाची गोष्ट ह्या ठिकाणीं सांगण्यासारखी आहे. त्या देशाचा बराच भाग समुद्रसपाटीच्याहि खालीं आहे, त्यामुळें पाणी बाहेर काढणें हा तेथें जगण्यामरण्याचा प्रश्न. तेराव्या शतकापासून तेथें पाण्याचा कारभार पाहणाऱ्या स्वतंत्र पंचायती आहेत, आणि त्यांची एक जुनी रूढि अद्याप चालू आहे. चर ज्याच्या जमिनीला लागून, त्यानें तो साफ ठेवावा; आणि ठरलेल्या दिवसांत पंचायतीचे लोक चराचराच्या कांठानें पायीं फिरून तपासणी करितात. ज्याचा चर तुंबलेला, त्यास दंड. ह्यांत यंत्रांचा चमत्कार कांहीं नाहीं. वर्षांतून एकदां कोणीतरी पायीं चालून पाहतो, एवढेंच त्याचें मर्म.

तें पायीं चालणें आम्हीं आमच्या गल्लींत सुरू केलें आहे. त्यास आम्हीं दोन दिवस नेमले: पहिला अक्षय्य तृतीयेचा, दुसरा पोळ्याचा. मृगाच्या तोंडावर धांवपळ करून भागत नाहीं. २०२५ सालीं मोसमी पाऊस २४ मे रोजीं केरळांत आणि २६ मे रोजीं मुंबईंत येऊन पोंचला, आणि 'जूनच्या पहिल्या आठवड्यांत करूं' म्हणून ठेविलेलीं कामें तशींच राहिलीं. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, तसेंच पाऊस लागल्यावर गटार उपसूं नये. आणि पोळ्याचा दिवस अशासाठीं कीं, पहिल्या तीन महिन्यांत गटारांत पुन्हां गाळ-पाला जमतो, आणि आमचा मुख्य पाऊस तर सप्टेंबरचा.

करावयाचें काय, तें सांगतों. गल्लीच्या खालच्या तोंडापासून वर चालत जावें. कारण खालचें तोंड बंद असेल तर वरची सफाई फुकट. जेथें गाळ, जेथें पिशव्या, जेथें बुजलेलें तोंड, तेथें तेथें खडूनें खूण करावी व तें सर्व एका कागदावर लिहावें. कागदाची एक प्रत प्रभागाच्या कार्यालयांत पोंचवावी व पोंच घ्यावी. तोंडी तक्रार हवेंत विरते. पोंच घेतलेला कागद मात्र टेबलावर राहतो. मग मुलांना बोलवावें, वरच्या टोकाला चार-पांच बादल्या पाणी सोडावें आणि त्यांत एक लिंबाचें पान टाकावें. मुलांनीं पानाबरोबर चालावें. जेथें पान थांबेल, तेथें दोष आहे. ह्या परीक्षेंत वशिला चालत नाहीं! पहिल्या वर्षीं आमचें पान सात ठिकाणीं थांबलें.

रॅम्प ज्यांना हवाच, त्यांनीं सिमेंटचा गच्च उतार न घालतां लोखंडी जाळी किंवा कड्या लावलेली सुटी फरशी बसवावी, म्हणजे ती उचलून आंत फावडें घालतां येतें. गटाराची रुंदी व खोली मात्र एका बोटानेंहि कमी होऊं देऊं नये. छपराचें स्वच्छ पाणी जमेल तर अंगणांतल्या शोषखड्ड्यांत सोडावें. आमच्या दुष्काळी जिल्ह्यांत तें मुरलेलेंच बरें, आणि तेवढा गटारावरचा भारहि हलका होतो. रस्त्यावरचें घाण पाणी मात्र विहिरींत वा विंधनविहिरींत कदापि सोडूं नये. शेवटची सूचना महत्त्वाची आहे. उघडें गटार फावड्यानें साफ करणें ही एक गोष्ट, आणि झांकलेल्या मैलागटारांत माणूस उतरविणें ही अगदीं निराळी गोष्ट. दुसरी गोष्ट २०१३ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. आंतल्या विषारी वायूनें माणसें मरतात. तेथें पालिकेचें यंत्रच बोलवावें. दोनशें-पांचशें रुपये देऊन कोणा गरिबाला आंत उतरवूं नये.

आपण म्हणाल, आम्ही कर भरतों. मग फावडें आम्हीं कां घ्यावें? प्रश्न रास्त आहे, आणि कर घेणाऱ्यांना त्यांचें काम करावयास लावणें हेंहि नागरिकाचेंच कर्तव्य होय. म्हणून तर मीं पोंच घ्यावयास सांगितलें. पण माझ्या दारापुढचा तो पाईप कोणत्याहि खात्यानें टाकलेला नव्हता. तो मीं टाकला होता. आणि त्याचा दंड भरला दुसऱ्याच कोणीं. दारापुढच्या गटाराचा सर्वांत मोठा दोष हा कीं, तें बुजविणाऱ्याला त्याचा त्रास कधींच होत नाहीं. तो नेहमीं उताराच्या खालच्या माणसाला होतो. म्हणून त्याची काळजी स्वार्थानें घेतली जाणार नाहीं. ती शेजारधर्मानेंच घेतली पाहिजे.

मीं माझा रॅम्प त्याच महिन्यांत फोडला आणि तेथें लोखंडी जाळी बसविली. आमच्या रांगेंतील अकरांपैकीं आठ रॅम्प आतां तसे झाले आहेत. तिघांशीं अद्याप बोलणें चालू आहे. त्यांपैकीं एक माझाच जुना विद्यार्थी आहे, आणि तो वर्गांतहि शेवटच्या दिवशींच गृहपाठ दाखवीत असे. त्यानंतरच्या पावसाळ्यांत खालच्या घरांत पाणी शिरलें नाहीं. त्या बाईंनीं माझी बादली मात्र अजून परत केलेली नाहीं. मीं एकदां सहज आठवण दिली, तेव्हां हंसून म्हणाल्या, "राहूं द्या गुरुजी. ते तीन रॅम्प निघाले कीं पोंचती करीन."

त्यांचें म्हणणें मला पटलें. आपणहि आज भाषण संपल्यावर, जमल्यास, दाराबाहेर जाऊन एकवार वांकून पाहावें, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों. नमस्कार.